उन्हाचा हिशेब ठेवणाऱ्या अ‍ॅना मणी

नागपूरच्या उन्हाची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. परंतु सूर्याकडून निघालेले सारेच ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही. वाटेतील धूळ, धूर आणि गंधकाचे सूक्ष्म कण त्याचा काही भाग परतवून लावतात, काही शोषून घेतात. वाटेतील ही तूट काटेकोरपणे मोजण्याची शिस्त भारतात ज्यांनी रुजविली, त्यांत अ‍ॅना मणी यांचे नाव अग्रभागी आहे.

तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील पीरमेडे येथे २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला. आठव्या वाढदिवशी घरच्यांनी देऊ केलेली हिऱ्यांची कर्णभूषणे नाकारून त्यांनी ज्ञानकोश मागून घेतला. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हिरे आणि माणके यांच्याच वर्णपटांचा अभ्यास केला. पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले, प्रबंधही सिद्ध झाला, मात्र एम.एस्सी. नसल्याचे कारण दाखवून मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. त्या खचल्या नाहीत. १९४५ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन त्यांनी हवामानशास्त्रीय उपकरणांचे शिक्षण घेतले आणि १९४८ मध्ये पुण्यात भारतीय हवामान खात्यात त्या रुजू झाल्या.

त्या काळी साधी उपकरणेही परदेशातून आणावी लागत. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवून घेतले व ती देशातच बनविण्याचा पाया घातला. चुकीच्या नोंदीपेक्षा नोंद नसलेली बरी, अशी त्यांची ठाम धारणा होती. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. वातावरणाचा गढूळपणा त्यांनी अभ्यासला, तसेच फुग्यासोबत आकाशात सोडावयाचे ओझोनमापक यंत्रही विकसित केले. १९७६ मध्ये उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्यावर १९८० व १९८१ मध्ये त्यांचे भारतातील सौर प्रारणावरील दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. सौर ऊर्जेच्या अभ्यासकांना ते दीर्घकाळ आधारभूत ठरले.

या नोंदींचे मोल आज अधिक जाणवते. हवेतील कणांनी ऊन अडविले की जमीन कमी तापते, जमीन व समुद्र यांच्या तापमानातील अंतर घटते आणि मान्सून दुबळा होऊ शकतो. पाऊस कमी झाला की हवा धुतली जात नाही. कण अधिक काळ तरंगत राहतात आणि पुन्हा ऊन अडवितात. परिणाम असा उलटून कारणालाच बळ देतो. काजळी मात्र ऊन शोषून भोवतालची हवा तापविते, तर गंधकाचे कण ढगांचे स्वरूप बदलतात. या परस्परविरोधी क्रियांची गोळाबेरीज हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांत आजही सर्वांत अवघड मानली जाते. प्रतिमान कितीही प्रगत असो, त्याची कसोटी जमिनीवरील प्रामाणिक मोजमापावरच लागते.

नागपूरचा संबंध येथे येतो. हवेचा गढूळपणा आणि पावसाच्या पाण्याचे रसायन यांची नोंद ठेवणाऱ्या हवामान खात्याच्या देशातील मोजक्या केंद्रांत नागपूरचा समावेश झाला. एका बाजूस कोराडी-खापरखेड्याची औष्णिक केंद्रे, दुसऱ्या बाजूस कोरड्या उन्हाळ्याची धूळ. अशा शहराच्या पावसात आम्लता वाढल्याचे या दीर्घ नोंदींतूनच उमगले. वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने मोजल्याविना असा बदल ध्यानी येत नाही.

१६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे मणी यांचे निधन झाले. अखेरपर्यंत त्यांच्या नावामागे डॉक्टरेट लागली नाही. परंतु आकाश किती गढूळ झाले, हे अंदाजाने नव्हे तर आकड्यांनी सांगण्याची सवय त्यांनी या देशाला लावली. उन्हाने होरपळणाऱ्या विदर्भाने तरी हे ऋण विसरू नये.