प्रथिनांची ओळख करून देणाऱ्या कमला सोहोनी



सक्करदऱ्यातल्या आमच्या वर्गात मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुठे वरण-भात असतो, कुठे मोड आलेली मटकी, तर कुणाकडे पोह्यांवर चण्याची तर्री. प्रथिने म्हणजे काय, असं विचारलं की मुलं पटकन सांगतात, शरीराची वाढ करणारं अन्न. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कमला सोहोनी यांच्या जीवनातून छान शिकवता येतं.

कमलाताई माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. जन्म १९११ चा. १९३३ मध्ये पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. तेव्हाचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाताई मागे हटल्या नाहीत. शेवटी त्यांना एक वर्षाच्या अटीवर घेतलं. तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर असं काम केलं, की रामन यांचंही मत बदललं.

पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यात सायटोक्रोम-सी शोधलं. हे एक प्रथिनच! अन्नातून ऊर्जा मिळवताना पेशीत ते इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवतं. या कामासाठी १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. म्हणजे बघा, प्रथिनं पेशीची नुसती बांधणी करत नाहीत, ती कामंही करतात. विकरं पचन घडवतात, हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, प्रतिपिंडं रोगजंतूंशी लढतात.

भारतात परतल्यावर कमलाताईंनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवलं आणि संशोधनासाठी पुन्हा आपल्या ताटातली कडधान्यं घेतली. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे घटक असतात. तेही प्रथिनंच! नीट शिजवल्यावर त्यांचा जोर बराच ओसरतो आणि डाळीतली प्रथिनं अंगी लागतात. स्वस्त कडधान्यांवर वाढणाऱ्या मुलांसाठी हे ज्ञान मोलाचं आहे.

१९९८ मध्ये त्यांचं निधन झालं. हा पाठ घेताना मुलांचे डबेच समोर ठेवा, वेगळं साहित्य लागणार नाही. आणि पालकहो, घरातली लेक डाळ इतका वेळ का शिजवायची म्हणून विचारत बसली, तर तिला गप्प करू नका. अशाच एका हट्टी मुलीनं पुढे कडधान्यांवर संशोधन केलं होतं.