पिवळ्या गळ्याची चिमणी

हे खाणे जायज आहे की नाही? मुंबईच्या खेतवाडीत राहणाऱ्या एका शाळकरी मुलाला हा प्रश्न पडला आणि भारताला त्याचा सर्वांत मोठा पक्षी अभ्यासक मिळाला. त्या मुलाचे नाव सालिम अली.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी एका सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडील लवकरच अल्लाहला प्यारे झाले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या यतीम भाच्याला वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपायच्या, रीतसर हलाल करून खायच्या, हा त्याचा छंद. एकदा हाती आलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खावी की नाही, अशी शंका घेऊन तो मामांकडे गेला. मामांनी हो-नाही न करता चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. ती रानचिमणी निघाली. मिलार्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. शंका फिटली, पण कुतूहल जागे झाले ते कायमचेच.

पुढची वाट सोपी नव्हती. जर्मनीत शिकून परतले तेव्हा संग्रहालयातील नोकरीची जागाच रद्द झाली होती. तेव्हा पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि तिथे सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. १९३९ मध्ये तहमीना गेल्या. त्या दुःखातही काम थांबले नाही. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक आले.

राजस्थानातील भरतपूरचे पाणथळ म्हणजे संस्थानिकांचे शिकारीचे मैदान. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे सालिम अलींच्या ४२ व्या वाढदिवशीच, व्हाइसरॉयच्या शिकारीत तिथे ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर ही झील कोरडी करून शेतीला देण्याची मागणी पुढे आली. सालिम अलींनी थेट पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली आणि झील वाचली.

पुढे याच पाण्यावर त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी अडकवण्याचे काम चालवले. पक्षी धरायला बिहारचे मीरशिकार होते. त्यांची पिढीजात शिकारीची कला आता पक्षी जिवंत सोडण्यासाठी कामी आली. वसंताच्या पहाटे धुके विरू लागे, परतीच्या प्रवासाआधी चरून जड झालेली बदके पाण्यावर दिसत. एकेक पक्षी तोलायचा, नोंदायचा, कडी घालून हलकेच सोडायचा. हिमालयापलीकडे ती कडी कुणाला सापडली, तर पत्ता मुंबईचा.

सालिम अली रूढ अर्थाने नमाजी नव्हते. अर्थ न समजता केलेले पाठांतर आणि धार्मिकतेचा दिखावा त्यांना पटत नसे, हे त्यांनी लपवले नाही. पण कुरआन पक्ष्यांनाही माणसांसारख्याच उम्मती मानतो. त्या उम्मतींची एवढी खिदमत क्वचितच कुणी केली असेल. १९७६ मध्ये मिळालेल्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची मोठी रक्कमही त्यांनी निसर्गरक्षणासाठी देऊन टाकली.

१९८५ मध्ये भरतपूरला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दोन वर्षांनी, वयाच्या ९० व्या वर्षी, सालिम अलींनी या जगाचा निरोप घेतला. रोजा हाताला, नजरेला आवर घालायला शिकवतो. बंदूक रोखलेली असताना पक्षी दिसतो तो फक्त शिकार म्हणून. हात आवरला की तो पुरता दिसू लागतो.