पंचांगाचे गणित करणारे मुरुडचे दीक्षित मास्तर

आमच्या बुरोंडीहून लाडघर, कर्दे ओलांडले की मुरुड लागते. मुरुड म्हटले की सगळे महर्षी कर्व्यांचे नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच गावचे आणखी एक थोर पुरुष होते. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांची माहिती मी यंदा मिळवली ती माझ्या एका चुकीमुळे. ती चूक पुढे सांगतो.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली मुरुडला झाला. गावच्या शाळेत शिकून ते पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले आणि शिक्षक झाले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा गावी त्यांनी नोकरी केली. म्हणजे आपल्या गुरुजींसारखेच, बदली झाली की सामान बांधायचे. ज्योतिष म्हणजे ग्रहताऱ्यांचे गणित. ते त्यांनी बहुतेक स्वतःच पुस्तकांतून शिकून घेतले. केरोपंत छत्रे यांचे 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे मराठी पुस्तक १८६० साली निघाले होते, त्याचा त्यांनी कसून अभ्यास केला. आकडा चुकला तर सांगायला शेजारी कोण? पुन्हा पहिल्या ओळीपासून करायचे!

माझे आजोबा मासेमारीला जायचे. ते तिथीवरून भरती सांगतात. तिथीला पाऊणाने गुणायचे, की साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अष्टमीला भांग आणि पुनवेला, आवसेला उधाण. दीक्षितांचे गणित याच जातीचे, पण फारच लांबलचक होते. कुठल्याही जुन्या वर्षाची तिथी कोणत्या वारी आणि कोणत्या इंग्रजी तारखेला आली, हे काढायची पद्धत त्यांनी पायरीपायरीने लिहून दिली.

तिचा उपयोग असा झाला. मध्य प्रदेशात एरण या गावी बुधगुप्त राजाच्या काळचा दगडी खांब आहे. त्यावर गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असे कोरलेले आहे. पण गुप्त संवत सुरू कधी झाला यावर विद्वानांची भांडणे चालू होती. शेकडो वर्षांचा फरक! फ्लीट नावाच्या इंग्रज विद्वानासाठी दीक्षितांनी गणित केले. संवत इ. स. ३१९-२० चा धरला तर ती तिथी २१ जून ४८४ या दिवशी पडते, आणि वार येतो गुरुवार. १८८८ साली फ्लीटच्या ग्रंथात हे छापले गेले.

आता माझी चूक. आमच्या शाळेत एक जुना संगणक आहे. त्याला इंटरनेट नाही. मामाने मला बेसिक भाषेचे जुने पुस्तक दिले, त्याची शेवटची पाने वाळवीने खाल्लेली. संगणकाला करायच्या कामाच्या पायऱ्या लिहून द्यायच्या, त्याला प्रोग्रॅम म्हणतात. मी तारखेवरून वार काढायचा प्रोग्रॅम केला. माहीत असलेल्या दिवसापासून मागे दिवस मोजायचे, सातने भागायचे, बाकी बघायची. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार आला. २६ जानेवारी १९५० ला गुरुवार आला. दोन्ही बरोबर. मग गुरुजींनी सांगितलेली एरणची तारीख घातली, तर बुधवार!

मी वर्गात सांगूनही टाकले की दीक्षितांचे चुकले. संगणक कसा चुकेल, असे मला वाटले. गुरुजी रागावले नाहीत. फक्त म्हणाले की शोध.

चार दिवस मी ओळ न् ओळ वहीत उतरवून तपासली. एकही चूक सापडेना. शेवटी पुस्तकांच्या पेटीत एका फाटक्या पुस्तकात सापडले. आपण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात नसेल तर लीप वर्ष धरत नाही. पण हा नियम १५८२ सालचा आहे! त्याआधी दर चार वर्षांनी लीप वर्ष असायचेच. इतिहासातल्या जुन्या तारखा त्या जुन्या रीतीने देतात. ५०० पासून १५०० पर्यंत अशी नऊ वर्षे सुटली होती. ते नऊ दिवस घातले, तर वार आला सोमवार. मला रडूच आले. मग त्याच पानावर खाली वाचले की १५८२ च्या ऑक्टोबरात ४ तारखेनंतर एकदम १५ तारीख धरली, दहा दिवस गाळले. नऊ वाढले, दहा गळाले. फरक एका दिवसाचा. कळ दाबली, गुरुवार!

दीक्षितांनी हे सगळे कागदावर, हाताने केले होते. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ निघाला. त्याच साली सेवेल यांच्याबरोबर लिहिलेला इंग्रजी ग्रंथही आला. दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, ते वारले. तेव्हा ते पंचेचाळिशीचेही नव्हते. पुढे भारत सरकारने त्यांच्या मराठी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करून छापले.

वर्गात मी माझी चूक फळ्यावर लिहून दाखवली. आज आलेल्या पालकांनी आपली जन्मतारीख मला सांगावी. वार काढून देतो. १५८२ च्या आधीची असली तरी चालेल.