विश्वकिरणांच्या मागावर

तळहात उघडा धरून आपण उभे राहिलो, तर दर सेकंदास साधारण एक सूक्ष्म कण त्यातून आरपार निघून जातो. तो दिसत नाही की जाणवत नाही. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळले म्हणजे असे कण निर्माण होतात. त्यांचा माग काढण्यात बिभा चौधुरी यांनी आपले आयुष्य वेचले.

बिभा यांचा जन्म १९१३ साली कलकत्त्यास झाला. १९३६ साली त्या भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झाल्या, तेव्हा वर्गात त्या एकट्याच विद्यार्थिनी होत्या. पुढे बोस संस्थेत देवेंद्रमोहन बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन आरंभिले.

त्यांचे मुख्य साधन म्हणजे छायाचित्रणाच्या काचा. काचेवरील लेपातून विद्युतभारित कण गेला आणि मग ती काच रसायनात धुतली, की कणाच्या वाटेवर काळ्या ठिपक्यांची रांग उमटते. ओल्या मातीत पावले उमटावीत तशी. उंचावर हवा विरळ असल्याने तेथे हे कण अधिक सापडतात. म्हणून या काचा दार्जिलिंगला आणि संदकफूच्या शिखरावर कित्येक महिने ठेवण्यात आल्या. संदकफू सुमारे १२,००० फूट उंच आहे. धाराशिवकडचे बालाघाटाचे डोंगर ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ते त्यापुढे टेकड्यांसारखे वाटतील! काचा खाली आणल्यावर खरे कष्ट सुरू होत. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ठिपका न्याहाळून, अंतरे मोजून बिभा यांनी हिशेब मांडला. कणाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट भरले. त्या काळी हे कण मेसॉन जातीचे मानले जात. १९४१ पासून हे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष पक्का करण्यास अधिक संवेदनशील काचा हव्या होत्या. परंतु दुसऱ्या महायुद्धामुळे त्या मिळेनात. काम तेथेच थांबले. १९४७ साली इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल यांनी, सुधारलेल्या काचा वापरून, याच मार्गाने पाय-मेसॉन शोधला. त्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. बिभा यांच्या चिकाटीत उणे काही नव्हते. उणीव होती ती काचेची.

दरम्यान मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करून, १९४९ साली त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. होमी भाभा तेव्हा संस्थेचे संचालक होते. तेथील त्या पहिल्या महिला संशोधक. पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली खोलवर चाललेल्या प्रयोगांतही त्यांनी भाग घेतला. ज्यांनी शिखरावर कण शोधले, त्यांनी ते पाताळातही शोधावेत, हे मोठे नवलच! मोठे मानसन्मान मात्र त्यांच्या वाट्याला आले नाहीत. १९९१ साली कलकत्त्यास त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांपर्यंत त्यांचे काम चालू होते.

२०१९ साली सिंह राशीच्या दक्षिणेकडील एका ताऱ्यास ‘बिभा’ हे नाव देण्यात आले. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. पाहावयाचा तर दुर्बीण लागते.