जी. ए. कुलकर्णी : उसने जग आणि घरचे जग

हातकणंगल्याहून इचलकरंजीमार्गे दक्षिणेकडे निघाले की थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द संपते आणि पुढे बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यात एकसंबा हे गाव लागते. मराठी कथेला आजवर न दिसलेल्या प्रदेशांत घेऊन जाणारे गुरुनाथ आबाजी कुलकर्णी यांचा जन्म १० जुलै १९२३ रोजी या गावी झाला. त्या काळी अलीकडे कोल्हापूर संस्थान होते आणि पलीकडे मुंबई इलाखा. माणसे मात्र दोन्हीकडे मराठी आणि कानडी सारख्याच सहजतेने बोलत. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव आणि धारवाड म्हैसूर राज्यात गेले. जी. ए. होते तिथेच राहिले आणि मराठीत लिहीत राहिले.

त्यांचे बालपण बेळगावात गेले. आई-वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि जवळच्या माणसांचे मृत्यू त्यांनी कोवळ्या वयात पाहिले. पुढे धारवाडला जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ इंग्रजी शिकवले. मावस बहिणींसह थाटलेले घर, महाविद्यालय, पुस्तके आणि पत्त्यांचा डाव एवढ्यात त्यांचा दिनक्रम सामावलेला असे. सभा-संमेलनांपासून ते दूर राहिले. छायाचित्रांतही त्यांचे डोळे बहुधा काळ्या चष्म्याआड असत. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला, त्यांपैकी अनेकांशी त्यांच्या प्रत्यक्ष भेटी फारच थोड्या झाल्या.

‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२) आणि ‘रक्तचंदन’ (१९६६) या चार संग्रहांनी त्यांचे नाव झाले. या कथांतील माणसे बेळगाव-धारवाडच्या बोळांतली, पडक्या वाड्यांतली, कानडी वळणाचे मराठी बोलणारी. वाचकाला हे जग ओळखीचे वाटे. दैवाचा निर्दय खेळ त्यातही होताच, पण पायाखाली ओळखीची माती होती. अशा लेखकाने तीच वाट पुढे चालवली असती तर कोणाचीच तक्रार नव्हती. ‘सत्यकथे’चा वाचकवर्ग त्यांच्या नव्या कथेची वाट पाहत असे.

‘काजळमाया’ (१९७२) आणि ‘रमलखुणा’ (१९७५) या संग्रहांत मात्र त्यांनी ती माती सोडली. ‘विदूषक’मध्ये कोणत्याही इतिहासात नसलेला राजा आणि त्याचा दरबार आहे. ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांतील भूमी नकाशावर सापडत नाही. तेथील नगरे, दैवते, शिक्षा आणि शकुन सारे लेखकाने घडवलेले. ‘इस्किलार’मध्ये तर कोणत्याही कोशात न मिळणारे शब्द आहेत आणि तरीही वाचताना ते एखाद्या जुन्या धर्मातले असावेत असे वाटते. संग्रहाच्या नावातील रमल म्हणजे फासे टाकून भविष्य पाहण्याची विद्या. या कथांतील माणसे आपल्या वाट्याला आलेल्या फाशांचा अर्थ लावत चालतात, आणि तो अर्थ बहुधा उशिरा कळतो.

याच सुमारास जी. ए. दुसराही मार्ग चोखाळत होते. ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहातील ‘ऑर्फियस’ आणि ‘यात्रिक’ यांची जगे उसनी आहेत. पहिल्यात ग्रीक पुराणकथेतला गायक पत्नीला परत आणण्यासाठी मृतांच्या राज्यात उतरतो. दुसऱ्यात सर्व्हांतेसचा डॉन क्विक्झोट आणि त्याचा सोबती येतात. ही निवड कमी श्रमाची होती असे मानणे चुकीचे ठरेल. उसन्या जगात शेवट आधीच ठरलेला असतो. ऑर्फियस मागे वळून पाहणार हे जाणकार वाचकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक असते. तेव्हा लेखकाला काय घडले यापेक्षा ते का घडले एवढीच जागा उरते. जी. एं.नी नेमकी तीच जागा धरली. मूळ कथेत अधीरतेतून घडणारी ती कृती त्यांच्या हाती वेगळाच अर्थ धारण करते.

घरी घडवलेल्या जगात अडचण उलटी असते. तेथे वाचकाला काहीच ठाऊक नसते. कोणते देव प्रसन्न होतात, कोणत्या अपराधाला कोणती शिक्षा, हे सारे कथेच्या ओघात सांगावे लागते आणि एकदा सांगितलेला नियम लेखकालाही मोडता येत नाही. या जुळणीचे ओझे ‘इस्किलार’वर क्वचित जाणवते. तेथील वर्णने दाट होतात आणि वाचक मध्येच थबकतो. ‘ऑर्फियस’ तुलनेने सुटसुटीत आहे. पण पुन्हापुन्हा वाचावीशी वाटते ती ‘इस्किलार’च, कारण तिच्या शेवटाची हमी आधी कोणीच दिलेली नसते.

हाच पेच साहित्याबाहेरही त्याच दशकात उभा राहत होता. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात मंडळी टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका कल्पित पात्राची भूमिका घेतो आणि संकटाचा निकाल फाशांवर लागतो. खेळ चालवणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो जगाचा : छापील, तयार जग घ्यायचे की स्वतः नकाशा काढायचा? तयार जगात सर्वांना एकच भूगोल ठाऊक असतो, पण ग्रंथ जास्त वाचलेला खेळाडू यजमानाच्याच चुका काढतो. घरच्या जगात तसा धाक नसतो, मात्र प्रत्येक प्रश्नाचे उत्तर यजमानालाच द्यावे लागते. कॅनडातील एड ग्रीनवुड यांनी लहानपणापासून मनात जोपासलेले जग १९८७ साली ‘फर्गॉटन रेल्म्स’ या नावाने छापून आले आणि एकाचे घरचे जग हजारोंसाठी तयार जग बनले. या खेळाचा जी. एं.शी संबंध जोडण्याचे कारण नाही. तरीही रमलाचे फासे आणि हे फासे एकाच काळात पडत होते, ही गोष्ट लक्षात राहते.

नियमांविषयीची त्यांची कठोरता कथेपुरती नव्हती. ‘काजळमाया’ला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उपस्थित झाला आणि जी. एं.नी पुरस्कार परत केला. चूक त्यांची नव्हती, आणि त्यांनी तो ठेवून घेतला असता तर फारसे कोणी बोलले नसते.

तिसरी वाट अनुवादाची. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या तीन कादंबऱ्या त्यांनी ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. जंगल तोडून वस्ती करणाऱ्या माणसांचे ते जग सर्वस्वी परक्याचे. त्यातला एकही नियम बदलण्याची मुभा अनुवादकाला नव्हती. स्वतःचे प्रदेश उभारू शकणारा लेखक इतकी वर्षे दुसऱ्याच्या रानात का रमला, याचे उत्तर कदाचित त्या मोकळिकीत असावे : तेथे दैव ठरवण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. ‘बखर बिम्मची’ या पुस्तकात तर त्यांनी एका लहान मुलाचे जग उभे केले. तिथे प्राणी आणि पक्षी बरोबरीने बोलतात आणि काळोख फारसा फिरकत नाही. ‘रमलखुणा’चा लेखक तो हाच, हे नवख्या वाचकाला सांगावे लागते.

या सर्व प्रदेशांतून वाचकांना वाट दाखवणाऱ्यांत हातकणंगले हे गाव आडनावातच वागवणारे समीक्षक म. द. हातकणंगलेकर अग्रभागी होते. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात तेही इंग्रजीच शिकवत. जी. एं.शी त्यांची मैत्री आणि पत्रव्यवहार दीर्घकाळ चालला. जी. एं.च्या निवडक कथांचा ‘डोहकाळिमा’ हा संग्रह त्यांनी सिद्ध केला आणि पुढे पत्रांच्या संपादनातही त्यांचा वाटा होता. २००८ साली सांगलीत भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जी. ए. अशा मांडवात कधी उभे राहिले नसते.

अखेरच्या काळात आजारपणामुळे जी. एं.ना धारवाड सोडून पुण्यात यावे लागले. ११ डिसेंबर १९८७ रोजी तेथे त्यांचे निधन झाले. ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ हे पुस्तक त्यानंतर वाचकांच्या हाती आले. त्यात पुन्हा ओळखीचा मुलूख आहे, पुन्हा साधी माणसे आहेत, आणि निवेदक त्यांच्यामधून एकटाच भटकत असतो.