मारिओ बाव्हा

मारिओ बाव्हा (जन्म : ३१ जुलै १९१४, सानरेमो, मृत्यू : एप्रिल १९८०, रोम) हे इटलीतील चित्रपट दिग्दर्शक, छायालेखक आणि दृश्यचमत्कृतींचे जाणकार होते. भयपटांच्या इतिहासात त्यांचे नाव दोन वेगळ्या प्रवाहांच्या उगमाशी जोडले जाते. परग्रहावर उतरलेल्या अंतराळवीरांना एकेक करून गिळणाऱ्या अज्ञात शक्तीचा चित्रपट त्यांनी १९६५ मध्ये केला. हाती धारदार शस्त्र घेतलेला मारेकरी एकामागून एक माणसे ठार करीत जातो, या ‘स्लॅशर’ नावाने पुढे रूढ झालेल्या प्रकाराचा आराखडाही त्यांच्या १९६४ आणि १९७१ मधील दोन चित्रपटांत जवळजवळ पूर्ण झालेला दिसतो. या दोन्ही वाटांवरून नंतर चाललेल्यांना अमाप पैसा व कीर्ती मिळाली. बाव्हा यांना हयातीत त्यांतले फारसे काही लाभले नाही.

जन्म व घडण

त्यांचे वडील एउजेनिओ बाव्हा मूळचे शिल्पकार होते. मूकपटांच्या काळात ते कॅमेरा आणि दृश्यचमत्कृतींच्या कामाकडे वळले व पुढे रोममधील ‘इस्तितुतो लुचे’ या सरकारी चित्रपटसंस्थेत दृश्यचमत्कृतींचे काम पाहू लागले. मारिओ यांना चित्रकार व्हायचे होते. चित्रकलेवर घर चालेना, तेव्हा ते वडिलांच्या हाताखाली आले. काचेवर रंगविलेला डोंगर भिंगासमोर धरून तो खऱ्या दृश्यात कसा बेमालूम मिसळावा, लहान प्रतिकृती मोठी कशी भासवावी, ही विद्या त्यांना शाळेत नव्हे तर घरच्या कारखान्यात मिळाली. चित्रकाराची नजर मात्र सुटली नाही. त्यांच्या रंगीत चित्रपटांतील तांबड्या, हिरव्या आणि जांभळ्या उजेडाकडे पाहिले की हे ध्यानात येते.

१९३० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे वीस वर्षे ते छायालेखक म्हणून वावरले. रोबेर्तो रोस्सेलिनी यांच्या आरंभीच्या लघुपटांचे छायालेखन त्यांचे होते. १९५८ मध्ये गाजलेल्या ‘ले फातिके दी एर्कोले’ या हर्क्युलिसपटाचे छायालेखन व चमत्कृतीही त्यांच्याच. त्या काळी इटलीत पौराणिक वीरांच्या चित्रपटांची लाट होती आणि अशा चित्रपटांना कमी पैशांत मोठा देखावा उभा करणारा माणूस हवा असे.

दिग्दर्शनाकडे

दिग्दर्शक म्हणून त्यांची सुरुवात दुसऱ्यांची अपुरी कामे पुरी करण्यातून झाली. ‘ई व्हाम्पिरी’ (१९५७) या चित्रपटाचे दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा निर्मात्यांशी न पटल्याने चित्रीकरण अर्ध्यावर टाकून गेले. उरलेले काम बाव्हा यांनी दोन दिवसांत उरकले. या चित्रपटात एक तरुण स्त्री प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वृद्ध होते. तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्या विशिष्ट रंगाने आधीच काढलेल्या होत्या. त्याच रंगाच्या उजेडात त्या दिसत नसत आणि उजेडाचा रंग हळूहळू पालटला की उमटत. चित्रपट कृष्णधवल असल्याने उजेडाचा रंग बदलल्याचे कुणाला कळत नसे. युक्ती साधी असली तरी आजही ती पाहताना चकित व्हायला होते.

अशा उपकारांची परतफेड म्हणून ‘गालातेआ’ या निर्मितीसंस्थेने त्यांना स्वतंत्र चित्रपट दिला. निकोलाय गोगोल यांच्या ‘व्ही’ या कथेवरून सुचलेला ‘ला मास्केरा देल देमोनिओ’ १९६० मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा बाव्हा ४६ वर्षांचे होते. चेटकीण ठरविलेल्या स्त्रीच्या तोंडावर आतून खिळे असलेला मुखवटा ठोकला जातो, हा त्याचा आरंभ. ब्रिटनमध्ये या चित्रपटावर १९६८ पर्यंत बंदी होती. अमेरिकेत तो चांगला चालला आणि नायिका बार्बरा स्टील भयपटांची तारका ठरली.

१९६३ मधील ‘ला रागात्सा के सापेव्हा त्रोप्पो’ हा ‘जालो’ प्रकारातला पहिला चित्रपट मानला जातो. इटालियन भाषेत जालो म्हणजे पिवळा. रहस्यकथांच्या स्वस्त पुस्तकांच्या पिवळ्या मुखपृष्ठांवरून हे नाव पडले. पुढच्या वर्षी आलेल्या ‘सेई दोन्ने पेर लास्सास्सिनो’मध्ये फॅशनगृहातील तरुणींचे एकामागून एक खून होतात. मारेकऱ्याच्या चेहऱ्यावर नाकडोळे नसलेला कोरा पांढरा मुखवटा, डोक्यावर हॅट, अंगात लांब कोट. खून कुणी केला यापेक्षा आता कुणाची पाळी आणि ती कशी येणार, यावर प्रेक्षकाची नजर खिळविण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होय. स्लॅशरपटाचे बीज ते हेच. कॅमेरा सरकविण्यासाठी रुळांची गाडी परवडत नव्हती, म्हणून तो लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाडीवर ठेवून ओढला गेला. पडद्यावर याचा मागमूस नाही.

अंतराळातील भय

‘तेर्रोरे नेल्लो स्पात्सिओ’ म्हणजे अंतराळातील दहशत. १९६५ चा हा चित्रपट अमेरिकेत ‘प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स’ या नावाने लागला. त्यात व्हॅम्पायर नाहीत. नाव केवळ तिकिटे खपावीत म्हणून दिलेले. मूळ कथा इटालियन विज्ञानलेखक रेनातो पेस्त्रिनिएरो यांची होती.

‘ऑरा’ नावाच्या ग्रहावरून आलेल्या मदतीच्या संदेशामागे दोन याने जातात. जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी असल्याने, आकाशातून येणाऱ्या लहरी ऐकण्याची कल्पना आपल्याकडील विद्यार्थ्यांना नवी नाही. तेथे टिपल्या जातात त्या तारे व दीर्घिकांच्या नैसर्गिक लहरी. बाव्हा यांच्या कथेत मात्र संदेश हाच सापळा असतो. यान उतरताच सहकारी भान हरपून एकमेकांच्या जिवावर उठतात. मेलेले सहकारी थडग्यांतून उठून चालू लागतात, कारण ग्रहावरच्या देहहीन जीवांना बाहेर पडण्यासाठी शरीरे हवी असतात. शेवटी सुटून निघालेले नायक-नायिकाही त्या जीवांनी आधीच ताब्यात घेतलेले आहेत, हे उघड होते आणि बिघडलेले यान जवळच्या एका मागासलेल्या ग्रहाकडे, म्हणजे पृथ्वीकडे, वळते.

हा परका ग्रह रोममधील स्टुडिओत उभा राहिला. एका पौराणिक चित्रपटातून उरलेले प्लॅस्टिकचे दोन खडक, ही त्याची मुख्य सामग्री. आरसे लावून त्या दोन खडकांची रांग केली गेली. लहान प्रतिकृतीचे प्रतिबिंब आरशात धरून त्यात माणसे वावरत असल्याचा भासही निर्माण केला गेला. सेटच्या कडा लपविण्यासाठी जमिनीलगत धूर सोडला आणि त्यावर रंगीत दिवे मारले. नारायणगावच्या तमाशाच्या फडांत एका पडद्यावर आणि चार दिव्यांवर राजवाडा उभा राहतो; ही कारागिरी त्याच जातीची. नटांपैकी बॅरी सुलिव्हन अमेरिकी, नोर्मा बेंजेल ब्राझीलच्या, आंखेल आरांदा स्पेनचे. प्रत्येकजण आपापल्या भाषेत संवाद म्हणे आणि आवाज नंतर भरले जात. काही ठिकाणी अभिनय लाकडी वाटतो, तो बहुधा यामुळेच.

चित्रपटाच्या मध्यावर कप्तान व त्याची सहकारी एका जुन्या, मोडक्या यानात शिरतात. आत कोणा महाकाय जीवाचा सांगाडा पडलेला आहे. म्हणजे त्या संदेशाला भुलून आलेले हे पहिलेच नव्हेत. रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’मध्ये (१९७९) हाच प्रसंग मोठ्या खर्चाने पुन्हा दिसतो. हा चित्रपट आपल्याला ठाऊक होता, असे ‘एलियन’चे लेखक डॅन ओबॅनन यांनी पुढे मान्य केले.

यश व अपयश

१९६६ च्या ‘ओपेरात्सिओने पाउरा’चे चित्रीकरण चालू असताना पैसे संपले आणि शेवटचे दिवस सर्वांनी वेतनाविना काम केले. चेंडू खेळणारी भुताची मुलगी ही त्यातली प्रतिमा पुढे फेदेरिको फेल्लिनी यांच्या एका लघुपटात वेगळ्या रूपात अवतरली. ‘दियाबोलिक’साठी (१९६८) निर्माते दिनो दे लाउरेन्तीस यांनी प्रथमच भरपूर रक्कम दिली, बाव्हा यांनी तिचा लहानसा भागच खर्च केला. काटकसर त्यांच्या अंगी इतकी मुरली होती की पैसा हाती असतानाही ते काचेवर रंगवीतच राहिले.

१९७१ चा ‘रेआत्सिओने आ कातेना’ म्हणजे साखळी अभिक्रिया. पाण्याकाठच्या जमिनीच्या वारशासाठी माणसे एकमेकांना मारीत सुटतात. पात्रे तेरा, खूनही तेरा. चित्रीकरणस्थळी दाट झाडी नव्हती. बाव्हा यांनी भिंगासमोर फांद्या हलवून अरण्य निर्माण केले. जखमांचे काम कार्लो राम्बाल्दी यांनी केले. याच राम्बाल्दींना पुढे ‘एलियन’च्या चमत्कृतींसाठी इतरांसह ऑस्कर मिळाले. चित्रपट रक्तरंजित आहे, याबद्दल दुमत नाही. पण त्यात लोभाची निर्दय थट्टा आहे, हे नंतरच्या अनुकरणकर्त्यांच्या हाती लागले नाही.

‘लिसा ए इल दियाव्होलो’ (१९७३) हा त्यांना मनासारखा करता आलेला चित्रपट होता, पण त्याला वितरक मिळाला नाही. ‘द एक्झॉर्सिस्ट’चे यश पाहून निर्माते आल्फ्रेदो लिओने यांनी त्यात भूत उतरविण्याचे प्रसंग घुसडले. काही दृश्ये चित्रित करण्यास बाव्हा यांनी नकार दिला. बदललेला चित्रपट १९७५ मध्ये वेगळ्या नावाने आला. दरम्यान केलेला ‘कानी अर्राब्याती’ निर्मितीसंस्था बुडाल्याने अडकून पडला. तो प्रेक्षकांपुढे आला १९९० च्या दशकात.

अखेर

‘शॉक’ (१९७७) हा त्यांचा चित्रपटगृहांसाठी केलेला शेवटचा चित्रपट. त्यात पुत्र लाम्बेर्तो यांनी हातभार लावला होता. दारिओ आर्जेन्तो यांच्या ‘इन्फेर्नो’साठी (१९८०) त्यांनी न्यूयॉर्कच्या इमारतींची दृश्ये प्रतिकृती व रंगकामातून सिद्ध केली, त्या कामाचे श्रेय नामावलीत ठळकपणे नव्हते. एप्रिल १९८० च्या अखेरीस हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ते ६५ वर्षांचे होते.

त्यानंतर पंधरवड्याच्या आतबाहेर, ९ मे १९८० रोजी, अमेरिकेत ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ प्रदर्शित झाला. पाण्याकाठचा निर्जन परिसर आणि एकामागून एक खून, अशी त्याची मांडणी १९७१ च्या त्या चित्रपटाशी मिळतीजुळती होती. त्याच्या १९८१ मधील दुसऱ्या भागात तर बाव्हा यांच्या दोन हत्यादृश्यांची जवळजवळ नक्कल आढळते. याच मालिकेतला दहावा चित्रपट म्हणजे जेम्स आयझॅक दिग्दर्शित ‘जेसन एक्स’ (२००१). त्यात गोठविलेला मारेकरी जेसन इसवी सन २४५५ मध्ये एका अंतराळयानावर जागा होतो आणि यानातील माणसे एकेक करून मारू लागतो. बाव्हा यांनी सहा वर्षांच्या अंतराने वेगवेगळे केलेले दोन प्रयोग येथे एकाच यानात बसविले गेले आहेत. कलाकृती म्हणून हा चित्रपट सामान्यच ठरला.

बाव्हा यांच्यावरील टिम लुकास यांचा बृहद्ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना मार्टिन स्कॉर्सेसी यांची आहे. लाम्बेर्तो बाव्हा हेही भयपटांचे दिग्दर्शक झाले. ‘देमोनी’ (१९८५) हा त्यांचा सर्वांत परिचित चित्रपट.