रमाबाईंचं मत

मैत्रिणींनो, मतदार दिनाच्या सुमारास ठाण्यात विद्यापीठाचं एक जाहीर व्याख्यान होतं. विषय लोकशाहीपुढची आव्हानं. डोंबिवलीहून लोकल पकडून मी नि माझी जाऊ दोघी गेलो. वक्त्यांनी कल्याण मतदारसंघाचा आकडा सांगितला, २०१९ मध्ये जेमतेम ४५ टक्के मतदान. सभागृहात थोडं हसू झालं, मग सगळे गप्प. २०२४ मध्ये ते ५० टक्क्यांपर्यंत चढलं, म्हणजे निम्मे लोक तेव्हाही घरीच!

राष्ट्रीय मतदार दिन २५ जानेवारीला असतो. आयोगाची स्थापना त्या तारखेची, म्हणून तो दिवस. पण मला त्या तारखेला दुसरंच कुणीतरी आठवतं. रमाबाई रानडे. त्यांचा जन्मही २५ जानेवारीचाच, साल १८६२, गाव सांगलीकडचं देवराष्ट्रे. बायकांना मत मिळावं म्हणून मुंबई इलाख्यात झटलेल्या बाईंचा वाढदिवस मतदार दिनाला यावा, हा निव्वळ योगायोग, पण छान वाटतो.

रमाबाईंचं माहेरचं नाव यमुना. यमुना कुर्लेकर. गंमत बघा, आपल्या कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या डॉक्टर आनंदीबाई जोशींचंही माहेरचं नाव यमुनाच. दोघींची नावं लग्नात बदलली, दोघींचे नवरे वयानं खूप मोठे, आणि दोघींनाही त्या नवऱ्यांनीच शिकवलं. आनंदीबाई १८८७ मध्ये एकविसाव्या वर्षीच गेल्या. रमाबाईंना मात्र आयुष्य मिळालं.

१८७३ साली यमुनेचं लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची, न्यायमूर्ती रानडे एकतीसचे. त्यांची पहिली पत्नी वारली होती. सुधारक माणूस, विधवेशी लग्न करील असं सगळ्यांना वाटलेलं. वडिलांनी हट्ट धरला आणि त्यांनी ऐकलं. लोकांनी त्यांना पुष्कळ बोल लावले, आणि ते अगदी चूक होते असं मला वाटत नाही. पण घरात आलेल्या मुलीला त्यांनी लगेच पाटी हातात दिली, हेही खरं.

शिकणं सोपं नव्हतं. शिकवणारा नवरा, पण दिवसभर राहायचं सासरच्या थोरल्या बायकांत. त्यांना सुनेचं वाचणं अजिबात खपत नसे. टोमणे, अबोला, सगळं झालं. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांच्या सभांना ही जाऊ लागली, तेव्हा घरातलं वातावरण आणखी तापलं. नवरा बाहेर सुधारणेची भाषणं करी आणि घरी आई-मावशांपुढे तोंड उघडत नसे. मधे अडकायची ती बायको. ही गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटली तर नवल नाही.

पहिलं जाहीर भाषण नाशिकला, तेही रानड्यांनी लिहून दिलेलं. मग पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी सभा भरली, तीत गव्हर्नरसाहेबांसमोर रमाबाईंनी इंग्रजीतून मागणी वाचून दाखवली. शाळा १८८४ मध्ये निघाली, तीच हुजूरपागा. बाई चारचौघांत साहेबासमोर इंग्रजी बोलली म्हटल्यावर घरी काय झालं असेल, ते सांगायला नकोच.

१९०१ च्या जानेवारीत रानडे गेले. रमाबाई तेव्हा एकोणचाळीशीच्या आत-बाहेर. मूलबाळ नाही. काही काळ त्या घरातच बसून राहिल्या. त्या काळातली विधवा, कुणाला त्यात वावगं वाटलं नसतं. पण त्या उठल्या. येरवड्याच्या तुरुंगात बायका कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथे विधवा, परित्यक्ता, शिकायचं राहिलेल्या बायका आल्या, नर्सिंग शिकल्या, शिक्षिका झाल्या, चार पैसे मिळवू लागल्या.

मताचा प्रश्न यातूनच आला, असं मला वाटतं. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीचं शिक्षण फक्त मुलग्यांना की मुलींनाही, असा वाद झाला. मुलींसाठी पैसे नाहीत म्हणे! रमाबाई बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. साठीला टेकलेली बाई, मोर्च्याच्या पुढे. ज्यांना मत नाही त्यांच्या पोरींसाठी पैसे नसतात, हे त्यांना दिसलं असणारच.

१९१९ च्या कायद्यानं बायकांना मत द्यायचं की नाही, ते प्रांतांवर सोडलं होतं. मद्रासनं १९२१ मध्ये आधी दिलं. त्याच वर्षी मुंबई कौन्सिलात ठराव आला, आणि बायकांची बाजू मांडणाऱ्यांत रमाबाई पुढे होत्या. ठराव पास झाला. आपलं ठाणं-कल्याण मुंबई इलाख्यातच होतं, म्हणजे हे आपल्या पणजीलाही लागू झालं. लागू झालं, पण कागदावर. कारण मत त्यालाच, ज्याच्या नावावर ठरावीक मालमत्ता किंवा सारा. बायकांच्या नावावर होतं काय? कुंकू आणि दागिने! १९२३ च्या निवडणुकीत मतदानाला जाऊ शकलेल्या बायका त्यामुळे थोड्याच. १९२४ मध्ये रमाबाई गेल्या.

सर्वांना मत मिळालं ते स्वातंत्र्यानंतर. पण १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली. का, तर त्यांनी नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच लिहून दिलं होतं. आयोगानं स्वतःचं नाव मागितलं, ते यांनी सांगितलं नाही, आणि मत गेलं.

व्याख्यानाहून परतताना गाडीत जावेनं फोनवर यादीत तिचं नाव शोधलं. सापडलं, पण माहेरच्या आडनावानं आणि माहेरच्या पत्त्यावर. लग्नाला नऊ वर्षं झालीत. गेल्या दोन्ही वेळा केंद्रावरून ती परत आली होती आणि आम्ही सगळे म्हणत होतो, जाऊ दे गं. दुसऱ्या दिवशी तिनं ८ नंबरचा फॉर्म भरला. नावाच्या रकान्याशी जरा थांबली. मग दोन्ही आडनावं लिहिली.